अजिंठा पाहिलेल्यांसाठी गान्सू : रेशीम मार्गावरचे बारा दिवस

चीनमधल्या दुनहुआंग शहराजवळच्या मोगाओ या बौद्ध लेण्यांपैकी २८५ क्रमांकाच्या लेण्यात, पश्चिमेकडच्या भिंतीवर, एक गणपती बसलेला आहे. सोबत कार्तिकेय आहे आणि बैलावर बसलेला शंकर. लेण्यात चिनी लिपीत साल लिहून ठेवलंय : इसवी सन ५३८ आणि ५३९. अजिंठ्यातलं शेवटचं मोठं काम थांबून तेव्हा जेमतेम साठेक वर्षं झाली होती. हा गणपती वाळवंटाच्या तोंडाशी, चीनच्या पार पश्चिम टोकाला पोचला कसा, याचं उत्तर म्हणजे गान्सू प्रांत. आणि ते उत्तर नीट वाचायचं असेल तर विमानाने थेट दुनहुआंगला उतरू नका, रस्त्याने जा. या लेखात सांगण्यासारखं मुख्य एवढंच. बाकी सगळा त्याचा तपशील.

आधी नकाशा

डमरू दोन्ही हातांनी धरून ओढून लांब केला, तर जसा दिसेल तसा गान्सूचा आकार आहे. क्षेत्रफळ सुमारे सव्वाचार लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून बरंच मोठं, पण वस्ती अडीच कोटींच्या आसपास. डमरूची बारीक कंबर म्हणजे हेशी पट्टा. दक्षिणेला छिल्येन पर्वताची बर्फाची रांग, उत्तरेला गोबीचं वाळवंट आणि मधे सुमारे हजार किलोमीटर लांबीची चिंचोळी वाट. पाऊस नावालाच पडतो. पण डोंगरावरचं बर्फ वितळून खाली येणाऱ्या नद्यांनी ठिकठिकाणी हिरवे पट्टे तयार केले. एका पट्ट्यातून निघालेला उंटांचा तांडा पुढच्या पट्ट्यापर्यंत तग धरू शकायचा, म्हणून व्यापार याच वाटेने गेला.

इसवी सनपूर्व १२१ मध्ये हान सम्राट वू याचा तरुण सेनापती हुओ छ्यूबिंग याने इथल्या श्योंगनू टोळ्यांना हुसकावलं. पुढच्या काही दशकांत वुवेई, चांगये, ज्यूछुआन आणि दुनहुआंग अशी चार ठाणी वसवली गेली. तुमच्या प्रवासातले थांबे आजही तेच आहेत. रेल्वेही त्याच पाण्याच्या मागे धावते.

आपल्या बाजूचा एक धागा इथेच सांगतो. शाळेत शिकलेला ह्युएन त्संग याच वाटेने भारतात आला. तेव्हा देशाबाहेर जायला बंदी होती. वुवेईच्या अधिकाऱ्याने त्याला परत फिरायला सांगितलं, तर हा दिवसा लपून आणि रात्री चालून पश्चिमेला सटकला. सुमारे ६४१ मध्ये तो महाराष्ट्रात पोचला. पुलकेशीच्या राज्यातली माणसं उपकाराला जागणारी आणि अपमानाचा सूड घेणारी आहेत, असं त्याने लिहून ठेवलंय. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं त्याने केलेलं वर्णन अजिंठ्याचंच असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पायरी पहिली : केव्हा जायचं

मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत, नाहीतर सप्टेंबरमध्ये. मार्च-एप्रिलमध्ये वाळूची वादळं येतात. जुलै-ऑगस्टमध्ये चिनी शाळांना सुट्टी असल्याने मोगाओची तिकिटं मिळता मिळत नाहीत. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली दहा-पंधरा अंश उतरतो. गर्दी नसते आणि तिकीटही स्वस्त असतं, पण लाकडी जिन्यांवर गारठून उभं राहायची तयारी हवी. १ ते ७ ऑक्टोबर हा चीनच्या राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा आणि १ मेच्या आजूबाजूचे दिवस मात्र काहीही झालं तरी टाळा. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरला जी दशा होते, ती इथे कितीतरी पटींनी होते. नेमकी दिवाळीची सुट्टी धरून जाणार असाल, तर गर्दी ओसरलेली असते. थंडीचे कपडे तेवढे जास्त घ्या.

पायरी दुसरी : कागद, पैसे, फोन

भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा आधी काढावा लागतो; मुंबईत त्याचं अर्ज केंद्र आहे. अर्जात प्रवासाचा आराखडा आणि हॉटेलांची नावं लागतात. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली. पण मुंबई-पुण्याहून निघणाऱ्याला बँकॉक, हाँगकाँग किंवा सिंगापूरमार्गे शिआन गाठणं अनेकदा जास्त सोयीचं पडतं. शिआन शेजारच्या शान्शी प्रांतात आहे, पण जुन्या रेशीम मार्गाची सुरुवात तिथूनच व्हायची. तुमचीही तिथूनच होऊ द्या.

रोख पैसे बाळगा, पण थोडेच. भाजीवाल्यापासून हॉटेलपर्यंत सगळे क्यूआर कोडवर पैसे घेतात. निघण्याआधी घरी बसून अलीपे आणि वीचॅट ही पैसे देण्याची दोन्ही अॅप घ्या, पासपोर्टने ओळख पटवून ठेवा आणि आपलं आंतरराष्ट्रीय व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. दोनशे युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. त्यावर तीन टक्के लागतात. त्यामुळे मोठी रक्कम दोन-तीन तुकड्यांत देता आली तर बघा. बँकेला आधी कळवायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच चहाला कार्ड अडतं. एक युआन म्हणजे साधारण बारा रुपये धरून हिशेब करा.

गुगल, व्हॉट्सअॅप, जीमेल तिथल्या वायफायवर चालत नाही. भारतीय सिमचं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम घेतलं तर बहुधा चालतं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे दोन दिवस मेसेज आला नाही तर उगाच काळजी करणार नाहीत.

पॉवर बँकेवर चीनचं ‘३सी’ चिन्ह नसेल तर जून २०२५ पासून ती चीनच्या देशांतर्गत विमानात नेता येत नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पॉवर बँकांवर हे चिन्ह नसतं. परतीला दुनहुआंगहून विमान पकडणार असाल तर विमानतळावर ती टोपलीत टाकून द्यावी लागेल. त्यापेक्षा तिथे पोचल्यावर एक साधी विकत घ्या.

रेल्वेची तिकिटं १२३०६ या सरकारी अॅपवर पंधरा दिवस आधी खुली होतात. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. परदेशी पासपोर्ट बहुतेक स्वयंचलित फाटकांवर चालत नाही. कडेला कर्मचारी उभा असतो, त्याच्या रांगेत जायचं.

पायरी तिसरी : तिआनशुई, गव्हाची सुडी

शिआनहून बुलेट ट्रेनने पावणेदोन तासांत तिआनशुई दक्षिण स्टेशन येतं. शहरापासून काही अंतरावर माइजीशान आहे. नावाचा अर्थच ‘गव्हाची सुडी असलेला डोंगर’. आणि खरोखरच, सुगी झाल्यावर शेतात सुडी रचून ठेवावी तसा तो हिरव्या झाडीतून एकटाच १४२ मीटर वर आलेला आहे. उभ्या कड्यावर दीड हजार वर्षांत खोदलेली लेणी, आणि त्यांना जोडणारे, कड्याला चिकटवलेले अधांतरी जिने.

उंचीची भीती असेल तर आधीच ठरवा, कारण बरेचसे जिने एकमार्गी आहेत आणि मधूनच मागे फिरता येत नाही. आमच्या पुढची एक आजीबाई कड्याकडे तोंड करून, एका हाताने भिंत चाचपत, सबंध जिना आडवी चालत गेली. वर पोचल्यावर शांतपणे पिशवीतून काकडी काढून खाल्ली.

इथला दगड ठिसूळ, म्हणून मूर्ती मातीच्या. काडाची आणि लाकडाची आतली चौकट, वर मातीचे थर आणि शेवटी रंग. हजारो मूर्ती आहेत आणि बुद्धाचे चेहरे इतके मानवी की ओळखीचं कुणीतरी आठवतं. चव्वेचाळीस नंबरच्या लेण्यातला स्मित करणारा बुद्ध सगळ्यात प्रसिद्ध. त्याच्या शेजारच्या त्रेचाळीस नंबरची गोष्ट मात्र दुःखी आहे. पश्चिम वेई घराण्याच्या सम्राटाने राजकीय सोयीसाठी आपली राणी यीफू हिला बाजूला सारलं, तिला भिक्षुणी व्हावं लागलं आणि ५४० मध्ये तर जीव द्यायला भाग पाडलं. तिला या कड्यात पुरलं. चव्वेचाळीसमधला चेहरा तिचाच आहे, असं स्थानिक लोक सांगतात.

व्यवहाराचं एक : बहुतेक लेण्यांना जाळीची दारं आहेत आणि आत अंधार असतो. जाळीला नाक लावून पाहावं लागतं. छोटी बॅटरी सोबत असू द्या, पण वापरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. रंगांवर झोत मारलेला त्यांना खपत नाही.

पायरी चौथी : लान्चौ, नदी आणि नूडल

तिआनशुईहून दीड तासात प्रांताची राजधानी लान्चौ. दोन डोंगरांच्या मधे चेपलेलं लांबट शहर आणि त्यामधून वाहणारी ह्वांग हो. पाणी खरंच पिवळट-मातकट असतं. पावसाळ्यातली कृष्णा डोळ्यांसमोर आणा. १९०९ साली पुरा झालेला लोखंडी चोंगशान पूल आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. संध्याकाळी सगळं गाव तिथे असतं.

लान्चौत दोन कामं करायची. पहिलं म्हणजे गान्सू प्रांतिक संग्रहालय. सोमवारी बंद असतं आणि प्रवेश फुकट असला तरी नोंदणी आधी करावी लागते. इथला ‘उडता घोडा’ फक्त साडेचौतीस सेंटिमीटर उंच आहे. हान काळातला ब्राँझचा घोडा चौखूर उधळलाय आणि त्याचा एक पाय उडत्या पक्ष्याच्या पाठीवर टेकलाय. घोड्याचं सगळं वजन त्या एका खुरावर तोललंय, हे बाजूला जाऊन, गुडघ्यात वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. १९६९ मध्ये वुवेईच्या एका थडग्यात तो सापडला आणि पुढे चीनच्या पर्यटनाचं चिन्ह झाला. संग्रहालयाच्या दुकानात त्याचं वेडावाकडं हसणारं हिरवं कापडी खेळणं मिळतं. मुलांसाठी घ्याल आणि स्वतःच ठेवून घ्याल.

दुसरं काम खाण्याचं. लान्चौचं न्यूरौम्येन, म्हणजे हाताने ओढलेल्या नूडल आणि बीफचा रस्सा, ही इथली न्याहारी आहे. बीफ खात नसाल तर हे सरळ सोडून द्या. ‘मांस नको’ म्हटलं तर वरचे तुकडे काढतील, रस्सा तोच असणार. पण दुकानात पाच मिनिटं उभे राहून बघाच. नूडल ओढणारा कणकेचा लोळ ओट्यावर आपटतो, दोन्ही हातांनी ताणतो, दुमडतो, पुन्हा ताणतो. सात-आठ घड्यांत केसासारख्या तारा होतात. कणीक एवढी ताणली जावी म्हणून पूर्वी वाळवंटातल्या एका झुडपाची खारट राख घालायचे. आपल्या पापडखाराचंच काम. गिऱ्हाईक जाडी सांगतं : केसाइतकी बारीक, बारीक, पट्टीसारखी, किंवा पट्ट्याएवढी रुंद. वाडग्यात पाच रंग हवेत असा दंडक आहे : रस्सा नितळ, मुळा पांढरा, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर हिरवी, नूडल पिवळी.

शाकाहाऱ्यांना गान्सू चीनच्या मानाने बरं आहे. न्यांगफी नावाचा थंड प्रकार शोधा. कणीक पाण्यात धुऊन तिचा चीक काढतात, तो ताटलीत ओतून वाफवतात आणि कापून पट्ट्या करतात. उरलेला चिवट गोळाही वाफवून, चौकोनी कापून वर घालतात. मग व्हिनेगर, लसूण, तिळाची पेस्ट आणि लाल तेल. कुरडईचा चीक आयुष्यभर खाल्लेल्या माणसाला पहिला घास तोंडात जाताच ओळख पटते. ज्यांगश्वेई म्येन हा दुसरा चांगला प्रकार : आंबवलेल्या पालेभाजीच्या पाण्यातली नूडल, उन्हाळ्यात पोट थंड ठेवते. दुकानदाराला ‘वो छ्र सू’ म्हणा, मी शाकाहारी खातो. तरी मोबाइलवर चिनीत लिहिलेलं वाक्य दाखवणं जास्त भरवशाचं, कारण चिनी सूर आपल्या घशाला लवकर जमत नाहीत. डुक्कर टाळायचं असेल तर ‘छिंगचन’ म्हणजे हलाल पाटी बघा. इथे हुई मुसलमानांची वस्ती मोठी असल्याने ती पदोपदी दिसते.

पायरी पाचवी : आडवाट, एकच निवडा

लान्चौहून दोन आडवाटा आहेत आणि बारा दिवसांत दोन्ही करू नका.

पहिली बिंगलिंग. ल्यूज्याशिया धरणाच्या जलाशयातून बोटीने तासभर जायचं. दोन्ही बाजूंना सुळक्यासारखे डोंगर, आणि वळणापलीकडे कड्यात सत्तावीस मीटर उंच मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध, बसलेला. इथल्या १६९ नंबरच्या लेण्यात इसवी सन ४२० चा लेख आहे. चिनी लेण्यांतल्या साल लिहिलेल्या लेखांत तो सगळ्यात जुना मानला जातो. त्या लेण्याचं वेगळं, महाग तिकीट आहे. एका दिवसात जाऊन येता येतं.

दुसरी शियाहे. २९०० मीटर उंचीवरचं तिबेटी गाव आणि तिथला १७०९ साली स्थापन झालेला लाब्रांग मठ. मठाभोवती सुमारे तीन किलोमीटर प्रार्थनाचक्रांची रांग आहे. सकाळी सातला जा. ओढणीने डोकं गुंडाळलेल्या म्हाताऱ्या एका हाताने चक्रं फिरवत, दुसऱ्या हाताने माळ ओढत इतक्या झपाझप चालतात की आपल्याला दम लागतो. वारीची सवय असलेल्याला हा ताल कळेल. प्रदक्षिणा उजवीकडूनच, आणि आत फोटो नाहीत. तिबेटसाठी लागणारा खास परवाना इथे लागत नाही, पण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कधीकधी परदेशी लोकांना हा भाग बंद करतात. दोन दिवस आणि एक मुक्काम धरा.

माझा कौल लाब्रांगला. लेणी पुढे पुष्कळ आहेत; जिवंत मठ हा एकच.

पायरी सहावी : वुवेई, अर्धा दिवस

लान्चौहून शिनिंगमार्गे जाणाऱ्या बुलेट ट्रेन वुवेईला शिवत नाहीत, त्यामुळे बहुतेक जण हे गाव गाळतात. मी गाळू नका म्हणेन ते एका माणसासाठी. कुमारजीव. वडील भारतातले, आई कुचा राज्याची राजकन्या. त्याची विद्वत्ता इतकी गाजली की त्याला पकडून आणायला फौज निघाली. फौजेने कुचा जिंकलं, पण तिकडे फौज धाडणारा राजाच बुडाला. मग सेनापतीने वुवेईतच आपलं राज्य थाटलं आणि कुमारजीव तिथे सतराएक वर्षं अडकून पडला. एवढ्या वर्षांत तो चिनी भाषा अशी शिकला की ४०१ मध्ये राजधानी छांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला, पोचल्यावर त्याने केलेली संस्कृत सूत्रांची भाषांतरं चीनमध्ये आजही म्हटली जातात. माझ्या भाषांतरात चूक नसेल तर देह जळल्यावरही माझी जीभ जळणार नाही, असं तो म्हणाला होता, अशी आख्यायिका आहे. वुवेईच्या मनोऱ्याखाली ती जीभ ठेवलीय, असं मानतात. मंदिर आहे साधंच, बरंचसं नव्याने बांधलेलं. अर्धा तास पुरतो. उडता घोडा सापडला ते लेइताइचं थडगं याच गावात आहे.

पायरी सातवी : चांगये, झोपलेला बुद्ध आणि रंगीत डोंगर

चांगयेला सगळे दानशियाचे रंगीत डोंगर बघायला येतात. तेव्हा आधी भ्रम दूर करतो. इंटरनेटवर दिसतात तसे भडक जांभळे-निळे डोंगर तिथे नाहीत. ती संगणकाची करामत. प्रत्यक्षात विटकरी, पिवळट, राखाडी आणि फिक्या हिरव्या पट्ट्यांचे थर आहेत. निरनिराळ्या खनिजांचा गाळ थरावर थर साचला, मग जमीन उचलली गेली, कलली आणि झिजली. पाऊस पडून गेल्यावर, तिरक्या उन्हात, ते खरोखर सुंदर दिसतात. दुपारी बाराला गेलात तर पैसे वाया. सूर्यास्ताच्या दोन तास आधी आत शिरा. आतल्या बसने एकेक सज्जा करत जायचं असतं. कोणत्या सज्ज्यावर मावळतीला थांबायचं ते बसचालकाला विचारा. परतीच्या शेवटच्या बसला झुंबड उडते.

शहरातला दाफोस मठ मात्र कुठल्याही वेळी बघा. १०९८ साली, पश्चिम शिया या तांगुत लोकांच्या राज्यात बांधलेला. लाकडी सभागृहात सुमारे ३५ मीटर लांबीचा महापरिनिर्वाणातला बुद्ध पहुडलाय. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातला आपला सात-साडेसात मीटरचा बुद्ध आठवून इथे उभं राहा. तिथे एका नजरेत मावतो, इथे डोक्यापासून पायापर्यंत चालत जावं लागतं. डोळे अर्धवट उघडे आहेत. मार्को पोलो या गावात वर्षभर राहिल्याचं सांगतो. एवढं वर्षभर काय केलं ते मात्र सांगत नाही.

पायरी आठवी : जियायुगुआन, भिंतीचं शेवटचं टोक

चांगयेहून बुलेट ट्रेनने तास-दीड तास. १३७२ मध्ये मिंग राजवटीने हा किल्ला बांधला आणि चीन इथे संपला असं ठरवलं. मागे बर्फाचे डोंगर, पुढे सपाट गोबी. पश्चिमेच्या दारातून बाहेर पडलेले बरेचसे लोक हद्दपारीचे कैदी असायचे.

किल्ल्यात एका कठड्यावर एक सुटी वीट ठेवलेली असते. गोष्ट अशी : विटा किती लागतील ते कारागिराने ९९,९९९ असं नेमकं सांगितलं. काम संपल्यावर एक उरली. अधिकारी शिक्षा द्यायला निघाला, तर कारागीर म्हणाला, ही देवाने ठेवलेली वीट आहे, काढलीत तर किल्ला कोसळेल. तेव्हापासून तिला कुणी हात लावला नाही. पंचतंत्रात शोभेल असा हा माणूस.

वेळ असेल तर गाडी करून वेई-चिन काळातली विटांची थडगी बघा. गर्दी जवळजवळ नसते. प्रत्येक विटेवर चार-सहा फटकाऱ्यांत काढलेलं एकेक चित्र आहे : नांगरणी, तुती तोडणं, कोंबडी सोलणं, जेवण. त्यातलाच एक घोडेस्वार टपालवाला चीनच्या टपाल तिकिटावर झळकलाय. त्याला तोंड काढलेलं नाही. निरोप्याने बडबड करू नये म्हणून, असं गाइड सांगतात.

पायरी नववी : दुनहुआंग, इथे तीन दिवस द्या

जियायुगुआनहून थेट साधी गाडी चार-पाच तास घेते. बुलेट ट्रेनने ल्यूयुआन दक्षिणपर्यंत आलात तर पुढे रस्त्याने दोनेक तास.

मोगाओचं तिकीट हा या सबंध प्रवासाचा खुंटा. ते आधी ठोका, बाकीच्या तारखा त्याभोवती बांधा. एप्रिल ते नोव्हेंबर या हंगामात ‘ए’ वर्गाचं तिकीट २३८ युआनचं असतं. त्यात दोन माहितीपट, बस आणि मार्गदर्शकाबरोबर आठ लेणी येतात. रोज फक्त सहा हजार विकतात. ती संपली की ‘बी’ वर्ग : १०० युआन, चारच लेणी, माहितीपट नाहीत, मार्गदर्शन चिनीत. ऑनलाइन विक्री महिनाभर आधी उघडते; पासपोर्ट क्रमांक लागतो. इंग्रजी मार्गदर्शकाच्या फेऱ्या ठरावीक वेळीच असतात आणि वीसेक युआन जास्त पडतात. दर बदलू शकतात, अधिकृत पानावर एकदा बघून घ्या. पहिल्या खेपेला मी तिकीट एका मध्यस्थावर सोडलं, त्याने ‘बी’ हातात ठेवलं आणि चार लेणी बघून मी परत आलो. ती चुटपुट दुसऱ्या खेपेपर्यंत गेली नाही.

त्या दिवशीचा क्रम असा. आधी शहराबाहेरच्या डिजिटल केंद्रावर वेळेच्या अर्धा तास आधी पोचायचं. माहितीपट बघायचे, दुसरा घुमटाकार पडद्यावर असतो आणि लेण्यांची आतली रचना त्यात नीट कळते, तेव्हा डुलकी काढू नका. मग बसने लेण्यांकडे. तिथे गट पाडतात, कानाला यंत्र लावतात आणि मार्गदर्शक कुलूप उघडत एकेक लेणं दाखवतो. कोणती आठ, हे तोच ठरवतो. फोटो बिलकूल नाहीत. आत थंड आणि अंधार. प्रकाश फक्त त्याच्या बॅटरीचा.

३६६ मध्ये ल-चुन नावाच्या भिक्षूने इथे पहिलं लेणं खोदलं. पुढे हजार वर्षं काम चाललं. आज ७३५ लेणी आहेत. त्यातल्या ४९२ मध्ये रंगकाम आहे : सुमारे ४५ हजार चौरस मीटर चित्रं आणि दोन हजारांहून जास्त मूर्ती.

अजिंठा पाहिलेल्या माणसाने इथे तीन गोष्टी ताडून बघाव्यात. एक, दगड. आपला बसाल्ट कठीण, म्हणून खांब आणि मूर्ती अखंड कोरता आल्या. इथला कडा वाळू-गोट्यांचा, नखाने खडे निघतील असा. म्हणून कोरीव काम नाही, मातीच्या मूर्ती आणि भिंतीवर गवत मिसळलेल्या मातीचा गिलावा. दोन, जातककथा. २५७ नंबरच्या लेण्यात बुडणाऱ्याला वाचवणाऱ्या हरणाची गोष्ट आडव्या पट्टीत सांगितलीय. गोष्ट दोन्ही टोकांकडून सुरू होते आणि शेवट मधे येतो : राजा घोड्यावर, हरीण समोर ताठ उभं. तीन, उडणारे गंधर्व. आपल्याकडचे अंगाने भरलेले, वजनदार. इथे थांग काळापर्यंत (सातवं ते दहावं शतक) येता येता ते नुसत्या लांब फिती होतात. शरीर संपतं आणि वारा उरतो.

आठ लेण्यांत सतरा नंबर बहुधा असतं. छोटीशी खोली. १९०० मध्ये वांग युआनलू या ताओ साधूला भिंतीमागे ही खोली सापडली, जमिनीपासून छतापर्यंत हस्तलिखितांनी गच्च भरलेली. १९०७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या चाकरीतला ऑरेल स्टाइन आला आणि थोडे पैसे देऊन हजारोंनी पोथ्या घेऊन गेला. ८६८ साली छापलेलं वज्रच्छेदिका सूत्र त्यातच होतं. पुढच्या वर्षी फ्रान्सचा पेलिओ आला. स्टाइनच्या मालातला एक वाटा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, कारण त्याच्या मोहिमेचा खर्च हिंदुस्थान सरकारनेही उचलला होता. चिनी मार्गदर्शक इथे आवाज चढवून बोलतात. आपण गप्प ऐकावं.

आणि तो गणपती? २८५ हे ‘विशेष’ लेण्यांत मोडतं : वेगळं शुल्क, वेगळी परवानगी, आणि रोज उघडेलच असं नाही. पोचल्या पोचल्या चौकशी करा. नाही जमलं तर ‘डिजिटल दुनहुआंग’ या संकेतस्थळावर तीस लेणी घरबसल्या फुकट फिरून पाहता येतात आणि त्यात २८५ आहे. निघण्याआधीच बघून ठेवा, म्हणजे तिथे मार्गदर्शकाला नंबर सांगून विचारता येईल. नंबर सांगून विचारणाऱ्या पाहुण्याशी ते वेगळ्या आवाजात बोलतात.

दुसऱ्या दिवशी मिंगशा. वाळूचे प्रचंड डोंगर आणि त्यांच्या कुशीत चंद्रकोरीसारखं तळं. तिकीट ११० युआन. बोटांचे ठसे नोंदवलेत तर तीन दिवस पुन्हा पुन्हा जाता येतं, ते विसरू नका. उंटांची इतकी गर्दी होते की २०२१ मध्ये त्यांच्यासाठी सिग्नल बसवला. उंटावर बसण्यापेक्षा लाकडी शिडीने टेकडी चढा, हातात पाणी घ्या, बूट काढून ठेवा. घाई नको, कारण उजेड संपत नाही. सबंध चीन बीजिंगच्या घड्याळावर चालतो, आणि दुनहुआंग आहे आपल्या आसामच्या रेखांशावर. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. रात्रीच्या शाचोउ बाजारात सुकवलेल्या जर्दाळूंचं गार पाणी मिळतं. दिवसभराच्या कोरड्या हवेनंतर त्यासारखं दुसरं काही नाही. शेजारच्या पाट्यांवर पिवळ्या नूडलबरोबर ‘लू रौ’ लिहिलेलं असतं. ते गाढवाचं मांस.

तिसऱ्या दिवशी हॉटेलातून गाडी ठरवून युमन या जुन्या सरहद्दीवरच्या फाटकाकडे जा. दीड-दोन तास सपाट करडं वाळवंट आहे. पाणी, टोपी आणि खायला काहीतरी घेऊनच निघा, वाटेत दुकान नाही. फाटक म्हणजे मातीचा एक चौकोनी, बिनछपराचा ठोकळा, आणि पुष्कळ जण ‘एवढंच?’ म्हणत परत फिरतात. तुम्ही आणखी थोडं पुढे हान काळातल्या भिंतीच्या तुकड्यापर्यंत जा. इथे दगड नव्हता आणि विटाही नव्हत्या. सैनिकांनी जवळच्या दलदलीतली वेताटी कापून तिचा एक थर, मग खडी-वाळूचा एक थर, पुन्हा वेताटी, अशी भिंत रचली. कुंपणाच्या बाहेरूनही प्रत्येक थर मोजता येतो. कापलेल्या काड्यांची टोकं दोन हजार वर्षांनंतरही बाहेर आलेली दिसतात, आणि गवताचा रंग अजून गवतासारखाच आहे.